संशयाची तसबीर

बी. ए.च्या वर्गात 'संगीत संशयकल्लोळ' शिकवायला घेतले, की पहिल्याच दिवशी मी मुलांना एक प्रश्न विचारतो. "या नाटकातला फाल्गुनराव तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" मुले हसतात. कोणी काकांचे नाव घेतो, कोणी घरमालकाचे. एखादी धीट मुलगी म्हणते, "सर, फाल्गुनराव नाही, पण कृत्तिकाबाई आमच्या घरीच आहेत!" वर्गात हशा पिकतो. मीही हसतो. माझ्या हसण्याचे कारण मात्र थोडे निराळे असते. २०१२ सालच्या दिवाळीपूर्वी तीन आठवडे या आमच्या गोंदिया शहरात एक जिवंत फाल्गुनराव वावरत होता. सकाळी अकराला तो वर्गात उभा राहून हेच नाटक शिकवी आणि संध्याकाळी रेल्वेच्या फलाटावर चहाच्या टपरीआड उभा राही. तो गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक. त्याची हकीकत पुढे येईलच. आधी मूळ फाल्गुनरावाची ओळख करून घेऊ, कारण तो आपल्या सर्वांचाच वडीलधारा आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना कथानक सांगायला नको. पण ज्यांनी नुसती नाट्यपदे ऐकली आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. रेवती नावाची तरुणी भर उन्हात रस्त्यावर घेरी येऊन पडते. फाल्गुनराव माणुसकीने धावतो, तिला सावरतो. नेमके त्याच वेळी त्याची बायको कृत्तिका ते पाहते. झाले! नवऱ्याच्या हातात परकी बाई! इकडे रेवतीजवळची एक तसबीर रस्त्यात पडलेली असते. ती तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची. कृत्तिका ती उचलून बघत उभी राहते, आणि आता फाल्गुनरावाची पाळी येते. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर! पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे असल्याचे अश्विनशेठला कळते आणि तो रेवतीवर रुसतो. एक घेरी आणि एक तसबीर, एवढ्या भांडवलावर चार माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. पात्रांची नावेही देवलांनी मोठी गमतीची ठेवली. पुरुषांना महिन्यांची, बायकांना नक्षत्रांची. जणू सांगायचे आहे, की बाबांनो, हा घोळ बारा महिने सत्तावीस नक्षत्रे चाललेलाच आहे!

आणि तो खरोखरच फार दिवस चालला आहे. १६६० साली पॅरिसमध्ये मोलियरने 'स्गानारेल' नावाचे छोटे प्रहसन रंगभूमीवर आणले आणि त्यातल्या संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. घेरी येणारी तरुणी, तिला सावरणारा नवरा, पाहणारी बायको आणि पडलेली तसबीर, हा सारा सरंजाम त्यात आहे. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फीने त्यावरून लंडनला 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी नाटक रचले. ते देवलांच्या हाती आले आणि १८९३ साली त्यांनी त्याचे मराठी गद्य रूप केले, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुढे त्यात पदे घालून 'संशयकल्लोळ' झाले आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव! देवल मात्र त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारले होते. आपल्या फाल्गुनरावाला मिळालेली दाद ऐकायला ते उरले नाहीत.

फ्रान्सचा हा नवरा विलायतेत गेला, तिथून सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांकडे आला, आणि कुठेही परका वाटला नाही. विलायती दूरचित्रवाणीवर नवरा-बायकोच्या संशयावरच्या विनोदी मालिका लागतात. त्यांत तसबिरीच्या जागी टेलिफोन असतो, रस्त्याच्या जागी कचेरी असते. पण कपाटाआड लपणारा नवरा पाहिला, की मी मनात म्हणतो, या फाल्गुनराव, बसा!

आता एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. 'फाल्गुनराव' लिहिण्याच्या तीन वर्षे आधी, १८९० मध्ये, याच देवलांनी 'झुंझारराव' हे नाटक लिहिले होते. ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे मराठी रूप. तिथेही नवरा आहे, निष्पाप बायको आहे आणि तसबिरीऐवजी एक हातरुमाल आहे. रुमालाची किंमत तसबिरीपेक्षा काही जास्त नाही. पण त्या नाटकाचा शेवट बायकोच्या खुनात होतो आणि या नाटकाचा शेवट लग्नात. एकाच लेखकाने एकाच रोगाची दोन टिपणे केली. एकात रोगी दगावला, दुसऱ्यात हसत घरी गेला. असे का व्हावे?

वर्गात मी याचे उत्तर मोठ्या ऐटीत देतो. झुंझारराव संशय पोटात ठेवतो. जे बायकोला विचारायचे ते तो जाधवरावाला विचारतो, आणि बायकोकडे वळतो तेव्हा निवाडा आधीच झालेला असतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका मात्र घर डोक्यावर घेतात. तोंडाला येईल ते बोलतात, चाकरमाणसांसमोर बोलतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलतात. त्यांच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो हे खरे. पण बोललेला संशय कुठेतरी दुसऱ्याच्या बोलण्याशी टक्कर घेतो आणि त्या टकरीत शेवटी तसबिरीचा उलगडा होतो. न बोललेल्या संशयाला टक्कर द्यायला कोणीच नसते. तो आतल्या आत वाढत राहतो.

हे उत्तर मुले वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. २०१२ च्या त्या महिन्यात मी हे उत्तर नेहमीप्रमाणे दिले, आणि त्याच संध्याकाळी टपरीआड जाऊन उभा राहिलो.

मी मूळचा सातारकडचा. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि इथलाच जावई झालो. सासुरवाडी अर्जुनी मोरगावच्या बाजूला, धानाच्या मुलखात. सौ. प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा बल्लारशाच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावी. रोज सकाळच्या गाडीने जाणे, संध्याकाळच्या गाडीने परत येणे. आमचा चार वर्षांचा संसार त्या गाडीच्या वेळापत्रकावर बरा चालला होता. त्या वर्षी दिवाळीच्या आधी दर बुधवारी सौ. मागच्या गाडीने येऊ लागली. पहिल्या बुधवारी म्हणाली, "गाडी चुकली." दुसऱ्या बुधवारी म्हणाली, "शाळेत काम होतं." तिसऱ्या बुधवारी काहीच म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही.

विचारले नाही! वाचकहो, एम. ए.ला देवलांवर निबंध लिहिलेल्या माणसाने विचारले नाही. त्याऐवजी त्याने काय केले? बायको आंघोळीला गेली असता तिचा फोन चाळला. पगारातून किती रुपये काढले याचा हिशेब मांडला. दर आठवड्याला काही रक्कम कमी भरत होती. तिच्या पर्समधली रेल्वेची तिकिटे तपासली. आणि चौथ्या बुधवारी स्टेशनवर जाऊन टपरीआड उभा राहिला.

गाडी आली. सौ. उतरली, तिच्यामागून एक गृहस्थ उतरला. तिशी-पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी-मिशा केलेला, गळ्यात रंगीत मफलर. दोघे फलाटाच्या टोकाशी बोलत उभी राहिली. सौ.ने पर्स उघडली, नोटा मोजल्या, त्याच्या हाती दिल्या. त्याने नको नको म्हणत घेतल्या. मग तो पुलाकडे गेला आणि ही रिक्षाकडे. माझ्या हातातल्या चहावर केव्हाच साय धरली होती.

त्या रात्री मी जेवलो, वर्तमानपत्र वाचले, झोपायला गेलो. एक शब्द बोललो नाही. आता कळते, की झुंझाररावाची वाट अशीच लागते. शांतपणे, जेवण वगैरे आटोपून.

दोन दिवसांनी मुलांची सहल होती, पद्मपूरला. गोंदियाहून रायपूरच्या दिशेने निघाले की आमगाव लागते. पद्मपूर त्याच्याच जवळ. संस्कृत नाटककार भवभूतीने आपले घराणे दक्षिणेकडच्या पद्मपूरचे म्हणून सांगितले आहे. ते पद्मपूर हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले आणि आम्ही गोंदियाकर ते अभिमानाने सांगतो. आमगावच्या महाविद्यालयाला नावही भवभूतीचेच आहे. आठव्या शतकातला हा माणूस. त्याच्या तीन नाटकांपैकी 'उत्तररामचरित' हे सर्वांत थोर, आणि त्याचा विषय काय? बायकोविषयी उठलेला संशय.

तिथे झाडाखाली बसून मी मुलांना कथा सांगितली. पहिल्या अंकात राम-सीता आणि लक्ष्मण चित्रे पाहत बसले आहेत. वनवासातले सारे प्रसंग रंगवलेले आहेत. पाहता पाहता सीतेला पुन्हा अरण्य बघावेसे वाटते. ती थकून रामाच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते. तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर येतो आणि गावात काय बोलतात ते रामाच्या कानात सांगतो. राम तिथल्या तिथे ठरवतो, हिला टाकायचे. सीता झोपलेलीच आहे. जागी होते ती वनात जायच्या आनंदात, आणि रथात बसते.

माझ्या वर्गातली एक मुलगी, एरवी कधी न बोलणारी, म्हणाली, "पण सर, रामाने सीतेला विचारलंच नाही?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

मी तोंड उघडले आणि उत्तर सुचेना. रामाला तर सीतेचा संशयही नव्हता. संशय लोकांचा होता. तरीही विचारले नाही. विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, आणि उत्तर ऐकल्यावर तो निर्णय घेणे जड गेले असते. म्हणून झोपलेल्या माणसाविषयी निवाडा करणे सोपे. हे मी मुलांना सांगितले की मनात म्हटले, ते आता आठवत नाही.

भवभूतीची खरी करामत पुढे आहे. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता तिथेच आहे, पण गंगेच्या वराने अदृश्य. राम तिला पाहू शकत नाही. ती त्याला पाहते. त्याचा शोक, त्याचे मूर्च्छित पडणे, वनदेवता वासंतीने त्याला सुनावलेले बोल, सारे ती ऐकते आणि तिच्या मनातली अढी सुटत जाते. आणि शेवटच्या अंकात भवभूती रामायणाचा शेवटच बदलतो. गंगेच्या काठी सर्व प्रजेसमोर वाल्मीकींनी रचलेले नाटक होते. नाटकात नाटक! त्यात सीतेची कथा पाहताना राम इतका गढून जातो, की लक्ष्मणाला सांगावे लागते, दादा, हे नाटक आहे. अखेरीस अरुंधती लोकांनाच विचारते, हिला स्वीकारायची ना? ज्या लोकांनी कुजबुज केली तेच लोक सीतेला वंदन करतात. बारा वर्षांपूर्वी जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो शेवटी सर्वांसमोर विचारला जातो. त्यासाठी कवीला एक नाटक उभे करावे लागले!

आणि हे नाटक प्रथम झाले कुठे? प्रस्तावनेत सूत्रधारच सांगतो, कालप्रियनाथाच्या यात्रेत. म्हणजे आमच्या भवभूतीचे नाटक जत्रेतले! हे मला महत्त्वाचे वाटते, कारण या भागात नाटक आजही जत्रेतच होते.

आमच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीचा आणि धानाचा पट्टा. भाऊबीज झाली की गावोगाव 'मंडई' भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, पाळणे आणि मिठाईची दुकाने लागतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक. पूर्वी गावचीच मंडळी दंडार आणि खडी गंमत करीत. पुढे त्याबरोबर नाट्यमंडळ्या उभ्या राहिल्या. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, ज्याला सगळे वडसा म्हणतात, हे या मंडळ्यांचे ठाणे. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा हंगाम. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटे संपते. मांडव, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि प्रेक्षक इतके, की पुण्या-मुंबईच्या नटांना हेवा वाटावा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला घरचे कार्य झाल्यासारखे वाटले.

मला हे सारे तेव्हाही ठाऊक होते, पण नवख्याच्या तोऱ्याने. माझा मेव्हणा, सौ.चा धाकटा भाऊ, शेती सांभाळून एका मंडळीत कामे करी. आदल्या दिवाळीत सासुरवाडीला पंगतीत त्याने सांगितले, की मंडळीत भागी घेतो आहे. मी सर्वांसमोर म्हणालो, "अरे, याला नाटक म्हणत नाहीत. रात्रभर आरडाओरडा, मध्ये नाच. त्यापेक्षा धान बघ." तो खाली मान घालून जेवला. सौ. वाढत होती, तिचा हात क्षणभर थांबला, एवढे मला दिसले होते. त्याचा अर्थ मी लावला नाही. माझ्या दृष्टीने तो एक विनोद होता.

२०१२ च्या भाऊबीजेला आम्ही सासुरवाडीला गेलो. धानाची कापणी चालू होती, बांध्यांत पेंढ्या पडल्या होत्या. सौ. आणि मी गाडीत समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघत होतो. रात्री सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, चाला ना नाटकाले. तुमचा साळा हाये आज." मी निरुपायाने गेलो.

नाटकाचे नाव आता लक्षात नाही. कौटुंबिक होते. एक संशयी सावकार, त्याची तरणी बायको, आणि सावकाराचे कान भरणारा एक नोकर. तो नोकर पडद्याआडून डोके बाहेर काढी आणि सावकार दिसला, की हात जोडून म्हणे, "मालक, मी काही पायलो नाही, पन तुमी इचारू नका!" मांडव हसून कोसळत होता. मी मात्र हसता हसता जागच्या जागी थिजलो. गुळगुळीत चेहरा, गळ्यात रंगीत मफलर. फलाटावरचा गृहस्थ! आणि तो माझा मेव्हणा होता. भूमिकेसाठी त्याने मिशा काढल्या होत्या. गेली चार वर्षे त्या भरघोस मिशांशिवाय मी त्याला पाहिलाच नव्हता, आणि टपरीआडून मला त्या मिशांची उणीव तेवढी ओळखता आली नाही.

मी शेजारी पाहिले. सौ. डोळे पुसून हसत होती. बायकांच्या बाजूला बसायचे सोडून ती त्या रात्री माझ्याजवळ येऊन बसली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

पहाटे नाटक संपले. बांधावरून घराकडे जाताना धुके पडले होते. सासूबाई पुढे निघून गेल्या. सौ. म्हणाली, "अहो, त्याने भागीसाठी कर्ज काढलंय. दर बुधवारी गोंदियात हप्ता असतो. वडशाहून तो ज्या गाडीने येतो, तिच्यात मी चढायची. थोडे पैसे मी देते."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुम्ही पुन्हा काहीतरी बोलला असता."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोडे चालल्यावर ती म्हणाली, "त्या बुधवारी तुम्ही टपरीमागे उभे होतात ना? मी पाहिलं होतं तुम्हाला. घरी येईपर्यंत मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. वाटलं, आता विचाराल. तुम्ही जेवलात आणि पेपर वाचत बसलात."

एवढे बोलून ती थांबली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे, असे मला वाटले. तिने तीन आठवडे एक गोष्ट लपवली, हे खरे. पण ती लपवावी असे वाटायला लावणारा मीच होतो. तिला भाऊही राखायचा होता आणि नवऱ्याची जीभही चुकवायची होती. आम्ही पुरुष बायकोच्या लपवण्याचा शोध घेतो. तिला लपवावे का लागले, याचा शोध कोणी घेत नाही.

सकाळी मेव्हणा रंग पुसून चहाला आला. मी त्याला म्हणालो, "नोकर चांगला केलास." तो संशयाने माझ्याकडे बघू लागला, त्याचा संशय मात्र रास्त होता. मग मी पंगतीतल्या त्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली, सासूबाईंच्या समोर. एकांतात मागणे सोपे होते. पण अपमान चारचौघांत केला होता. पुढच्या बुधवारी आम्ही तिघेही त्या सावकाराकडे गेलो.

आता दरवर्षी मंडईला आम्ही जातो. 'संशयकल्लोळ'ही दरवर्षी शिकवतो. फाल्गुनराव का वाचला, याचे तेच उत्तर देतो. फक्त त्यापुढे एक वाक्य आणखी सांगतो, ते परीक्षेला नसते. संशय आला तर पुरावा शोधू नका, पुरावा नेहमीच सापडतो. तसबीर, रुमाल, नोटा, काही ना काही हाती लागतेच. माणूस समोर असतो, त्याला विचारा. आणि विचारण्यापूर्वी एवढे पाहा, की आपण असे वागलो आहोत का, की समोरच्याला खरे सांगता येईल.

मुले हे वाक्य वहीत उतरवून घेत नाहीत. बुधवार असला, की मी तास संपवून स्टेशनवर जातो. चहा दोन सांगतो आणि टपरीच्या पुढे उभा राहतो.